इंग्रजीच्या तासाची उजळणी आणि मराठी समीक्षेची परिभाषा

बंगळूरच्या वायव्येस यशवंतपूर नावाचा भाग आहे. रेल्वेचे मोठे जंक्शन, बाजार, कारखाने आणि पोटापाण्यासाठी चारी दिशांनी आलेली माणसे यांनी तो गजबजलेला असतो. अशा ठिकाणच्या इंग्रजीच्या वर्गात कानडी, तेलुगू, तमिळ, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. परीक्षा जवळ आली म्हणजे तेथे उजळणी सुरू होते. मेटाफर म्हणजे काय, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे काय, ट्रॅजेडीचे घटक कोणते, कॅथार्सिस आणि हॅमार्शिया यांची व्याख्या काय, ड्रमॅटिक आयरनीचे उदाहरण कोणते, या प्रश्नांची उत्तरे ठरलेली असतात आणि ती पाठही होतात. पण ती पाठ करीत असताना प्रत्येक मूल मनातल्या मनात त्या शब्दाशेजारी आपल्या घरच्या भाषेतला एक शब्द मांडून ठेवीत असते. हा शेजारी बसवलेला शब्द परीक्षेनंतरही जात नाही. पुढे त्याच मुलांतून कोणी लेखक होतो, कोणी प्राध्यापक होतो, आणि तो शब्द समीक्षेच्या पृष्ठांवर निर्णय देऊ लागतो. मराठीत असे बरेच घडले आहे. त्या शब्दांची उजळणी मात्र कोणी फारशी केलेली दिसत नाही.

प्रारंभ ट्रॅजेडीपासूनच करावा. यशवंतपुरातील वर्गात कानडी मुलाच्या मनात या शब्दाशेजारी ‘रुद्रनाटक’ हा शब्द येतो. त्या शब्दाशी बी. एम. श्रीकंठय्य यांचे नाव जोडलेले आहे. ते म्हैसूर विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि सोफोक्लीझच्या ‘एजॅक्स’चा साचा महाभारतातील अश्वत्थाम्याला लावून ‘अश्वत्थामन्’ हे नाटक त्यांनी लिहिले. शेजारच्या बाकावरील मराठी मुलाच्या मनात ‘शोकान्तिका’ येते. हिंदी शिकलेला कोणी असल्यास तो ‘त्रासदी’ म्हणतो. या शब्दात इंग्रजी शब्दाचा नाद राखलेला आहे, आणि संस्कृतातील ‘त्रास’ म्हणजे भय हा अर्थही साधलेला आहे. मराठीला तो शब्द उसना घेण्याची सोय नव्हती. मराठीत ‘त्रास’ इतका घरगुती झाला आहे की त्रासदी म्हटल्यावर थीब्झचा राजा ईडिपस डोळ्यांपुढे न येता दुपारच्या झोपेच्या वेळी दार वाजवणारा फेरीवाला उभा राहील.

हे तीन शब्द एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ॲरिस्टॉटलने ट्रॅजेडीच्या व्याख्येत करुणा आणि भय या दोन भावनांची जोडी सांगितली आहे. त्या जोडीतील भय कानडी आणि हिंदी शब्दांनी उचलले, आणि मराठी शब्दाने करुणेचा अंश उचलला. रुद्र म्हणताच प्रेक्षकाने ज्याच्यापुढे स्तब्ध व्हावे अशी एक शक्ती सूचित होते. शोक म्हणताच डोळ्यांतले पाणी सूचित होते. मराठी ट्रॅजेडी बहुधा रडवते आणि क्वचितच भिववते, अशी तक्रार अधूनमधून होते. तिचा सर्व दोष नाटककारांच्या माथी मारण्यापूर्वी समीक्षकांनी त्यांच्यापुढे कोणता शब्द टांगून ठेवला होता हेही पाहावयास हवे. शब्दामुळे नाटके घडतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कोणते नाटक नावाजावयाचे आणि कशासाठी नावाजावयाचे, हे ठरविण्यात शब्दाचा हात असतो यात संशय नाही.

शोकाहूनही अधिक घोटाळा ‘अन्त’ या पदाने केला आहे. शोकपर्यवसायी, शोकान्त, शोकान्तिका या तिन्ही शब्दांत नाटकाचा प्रकार त्याच्या शेवटावरून ठरविला आहे. हे असे का व्हावे, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील वाचकाच्या संस्कारांत सापडते. संस्कृत नाटकाला भरतवाक्याने समाप्त होण्याची सवय होती. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये असा दंडक होता. भासाचे ‘ऊरुभंग’ या दंडकाला छेद देते, परंतु भासाची नाटके गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून 1912 पासून प्रसिद्ध करीपर्यंत ते उदाहरण मराठी वाचकासमोर नव्हतेच. इंग्रजी अमदानीपूर्वीचे जे मराठी नाटक तंजावरात लिहिले गेले त्याचीही हीच तऱ्हा आहे. तंजावरच्या त्या घराण्याचा धागा बंगळूरपासूनच सुरू होतो. शहाजीराजांची जहागीर बंगळुरास होती, त्यांचे पुत्र व्यंकोजी तेथून तंजावरास गेले, आणि व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी (कारकीर्द 1684 ते 1712) मराठीत नाटके रचली. त्यांतील ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ या नाटकाच्या नावातील ‘कल्याण’ म्हणजे विवाह. म्हणजे नाटकाला त्याच्या शेवटावरून नाव देण्याची रीत जुनीच होती. फक्त तो शेवट मंगल असे. अशा वाचकाच्या हाती शेक्सपिअर पडला तेव्हा त्याला जे सर्वांत आधी खटकले, त्यावरूनच त्याने त्या प्रकाराचे बारसे केले. त्याचा पहिला धक्का अंताचा होता. तो धक्का प्रामाणिक होता, पण पुढे त्याचीच व्याख्या झाली.

ॲरिस्टॉटलला मात्र हे मान्य झाले असते असे दिसत नाही. ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात भाग्याकडून दुर्भाग्याकडे जाणारे कथानक उत्तम, असे तो म्हणतो, आणि लगेच चौदाव्या प्रकरणात, घातक कृत्य हातून घडणार तोच ओळख पटून ते टळते असे कथानक सर्वश्रेष्ठ ठरवितो. तेथे त्याचे एक उदाहरण भावाचा बळी देण्यास निघालेल्या इफिजेनियाचे आहे. या दोन विधानांचा मेळ कसा घालावयाचा यावर पाश्चात्त्य पंडितांत पुष्कळ वाद झालेला आहे. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. एवढे मात्र खरे की ज्या नाटकात शेवटी कोणीही मरत नाही तेही ॲरिस्टॉटलच्या लेखी ट्रॅजेडी असू शकते. सोफोक्लीझचे ‘फिलोक्टेटीझ’ तसेच आहे. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र 1957 मध्ये मराठीत आणल्यानंतर ही दोन्ही प्रकरणे मराठी वाचकाला आपल्या भाषेत शेजारी शेजारी वाचता आली. ‘शोकात्मिका’ हा शब्दही समीक्षकांच्या लेखनात आला, आणि त्याने नाटकाचे मर्म शेवटाकडून आत्म्याकडे सरकविले. ही सुधारणा लहान नाही. पण वर्गात, वर्तमानपत्रात आणि बोलण्यात शोकान्तिकाच चालू राहिली. आता तर एखादा पूल कोसळला तरी तिचे नाव घेतले जाते.

या एका पदामुळे मराठी नाटकांची जी प्रतवारी झाली तिच्याकडे पाहण्यासारखे आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 1861 चे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे पहिले मराठी शोकान्त नाटक म्हणून इतिहासात नोंदले जाते, कारण त्याच्या अखेरीस माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचे सहगमन आहे. परंतु क्षयाने झालेला मृत्यू हा दुःखद असला तरी नायकाच्या कृतीतून निपजलेला नसतो. उलट गोविंद बल्लाळ देवल यांचे 1899 चे ‘शारदा’ घ्यावे. शेवटी म्हाताऱ्याशी ठरलेला विवाह मोडतो, शारदा वाचते, आणि म्हणून हे नाटक शोकान्तिकेच्या खणात कधीच पडत नाही. पण ऐन घडीला टळलेल्या घाताचे हे कथानक चौदाव्या प्रकरणाशी ताडून पाहण्यासारखे होते. द्रव्याच्या लोभाने मुलीचा बळी देण्यास बाप निघालेला आहे, भय आणि करुणा दोन्ही पुरेपूर आहेत. इफिजेनियाची आठवण त्या वर्गात कोणाला व्हावयास हवी होती. ‘शारदा’त विनोदाचा आणि उपदेशाचा भाग मोठा आहे हे खरे, आणि ती शुद्ध ट्रॅजेडी आहे असा दावाही करण्याचे कारण नाही. पण तो प्रश्न विचारलाच गेला नाही, कारण शेवटच्या पानाने त्याचे उत्तर आधीच देऊन टाकले होते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चीही (1967) हीच अडचण होते. लीला बेणारे मरत नाही. खेळातला खटला संपतो, मंडळी आपल्या प्रयोगाच्या तयारीला लागतात, आणि ती तेथेच पडून राहते. याला शोकान्त म्हणावे तर अन्त कोठे आहे, आणि न म्हणावे तर उरलेले नाटक काय आहे? ज्याच्या हाती शेवट मोजण्याची एकच पट्टी आहे त्याला याचे उत्तर सापडणे कठीण.

यापेक्षा गंभीर प्रकार हॅमार्शियाच्या बाबतीत घडला आहे. इंग्रजीच्या वर्गात या ग्रीक शब्दाचे स्पष्टीकरण ट्रॅजिक फ्लॉ असे केले जाते, आणि त्यामागे ए. सी. ब्रॅडलीच्या 1904 च्या शेक्सपिअरवरील व्याख्यानांची दाट छाया असते. मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा मत्सर, हॅम्लेटची दिरंगाई अशी जोड्या लावण्याची पद्धत तेथूनच आली. ब्रॅडली स्वतः याहून पुष्कळ सूक्ष्म होता, पण उजळणीला सूक्ष्मता परवडत नाही. मराठीत याचा ‘स्वभावदोष’ झाला. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर तो नेम चुकण्याचा आहे. होमरच्या काव्यात भाला लक्ष्यावर न बसण्यालाही त्याच धातूची रूपे वापरली आहेत. दोष हा माणसाच्या ठिकाणी वास करतो. नेम चुकणे ही कृती आहे, ती एका क्षणी घडते, आणि उत्तम धनुर्धराच्या हातूनही घडते. मराठीत यासाठी ‘प्रमाद’ हा शब्द तयार होता, काही विवेचकांनी तो वापरलाही आहे. अनवधान, चूक, निसटलेला क्षण या सर्व छटा त्यात आहेत. कण्वाच्या आश्रमात दुर्वास दाराशी आले असता पतीच्या चिंतनात गढलेल्या शकुंतलेला त्यांची चाहूल लागत नाही, हा प्रमाद आहे. त्याला दोष म्हणणे क्रूरपणाचे होईल, आणि तरी पुढचे सारे दुःख त्यातूनच येते. ते दुःख फिटते तेही ओळख पटल्याने. ज्या अनॅग्नोरिसिस या संज्ञेसाठी वर्गात प्रतिशब्द शोधला जातो, तो ‘अभिज्ञान’ कालिदासाने नाटकाच्या नावातच घालून ठेवला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणले तेव्हापासून तर ते नाटक घरोघरच्या गाण्यांत आहे. खुणेच्या वस्तूवरून पटणारी ओळख ॲरिस्टॉटलने सर्वांत कमी कलात्मक मानली आहे, त्यामुळे अंगठीचे कौतुक तो किती करता कोण जाणे. पण तुलनेला आधार घरातच होता.

स्वभावदोष आणि प्रमाद यांतील निवड किती दूरवर जाते हे राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’वरून दिसते. गडकऱ्यांच्या निधनानंतर 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाविषयी वर्गात सांगितले जाते की सुधाकराचा दोष मद्यपान, त्याचा परिणाम सर्वनाश. अशा रीतीने वाचले की ते दारूबंदीचे व्याख्यान होते. मग त्यातील सिंधूचे सोशिकपण अतिरेकी वाटू लागते, भाषा भडक वाटू लागते, आणि समीक्षक तसे लिहितो. पण नाटकात मद्य हे मूळ नाही. सुधाकर हा बुद्धिमान आणि मानी वकील आहे. न्यायाधीशाशी खटका उडून त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. अपमान सहन होत नाही अशा त्या घडीला तळीराम प्याला पुढे करतो, आणि तो एकच प्याला दुःख विसरण्यासाठी घेतला जातो. नेम येथे चुकतो. ज्या मानीपणामुळे तो श्रेष्ठ ठरला त्याच मानीपणाने त्याचा हात हलतो, आणि येथपर्यंत त्याच्या ठिकाणी व्यसन नावाचा दोष अस्तित्वातही नाही. नाटकाच्या नावातील ‘एकच’ या शब्दावर सारा भार आहे. गडकऱ्यांनी बाटलीचे नाव नाटकाला दिले नाही, क्षणाचे दिले. पुढे व्यसन सोडण्याचा त्याचा निश्चय आणि त्या निश्चयाचा भंग यांत भय आहे, ते याच कारणाने. प्रेक्षकाला आपण सुधाकरासारखे मद्यपी होऊ असे वाटत नाही. आपल्याही आयुष्यात अशी एक घडी येऊ शकते असे वाटते. ॲरिस्टॉटलने म्हटलेले भय ते हेच. नाटकात भडकपणा नाही असे नव्हे. तळीरामाच्या मद्यपी मंडळाचे प्रवेश लांबतात, आणि सिंधूच्या तोंडची काही भाषणे आज जड वाटतात. पण गुणदोषांची ही चर्चा नाटक काय आहे हे ठरल्यावरची आहे. स्वभावदोष या एका शब्दाने ते ठरविण्याची गरजच उरली नाही.

गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे रूपांतर डोंगरीच्या तुरुंगात असताना हाती घेतले आणि ते 1883 मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. भाषांतरकाराने नाव ठेवतानाच समीक्षा केल्याचे हे ठळक उदाहरण होय. विकार हाही माणसाच्या आतलाच, पण ‘विलसित’ म्हटल्यामुळे तो एका जागी साठलेला दोष न राहता चालता खेळ होतो. आगरकरांचा शब्द उजळणीच्या पाठात शिरला असता तर हॅम्लेटच्या दिरंगाईची बेरीज-वजाबाकी थोडी कमी झाली असती.

व्याकरणाच्या प्रांतात ही कथा निराळे वळण घेते, आणि ती थोडक्यात सांगता येईल. दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये निघाले तेव्हा लिंडले मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढे होता. शब्दांच्या आठ जाती तेथून आल्या. यास्काचा हिशेब तर नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात एवढ्या चारांत मिटला होता. उसन्या चौकटीबद्दल पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत पुष्कळ ऊहापोह झाला. पण एके ठिकाणी मराठी व्याकरणकारांची दृष्टी पक्की राहिली. प्रेपोझिशन या शब्दाचा अर्थ ‘आधी ठेवलेले’. मराठीत ते नंतर येते. त्यांनी त्याला शब्दयोगी अव्यय म्हटले. जागेचा उल्लेखच टाळला आणि काम सांगितले. उलट प्रकार प्रयोगाच्या बाबतीत झाला. ‘त्याने आंबा खाल्ला’ हे मराठीत कर्मणी प्रयोगाचे वाक्य, कारण क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. याच वाक्याचे इंग्रजी केले की ते ॲक्टिव्ह व्हॉइसमध्ये बसते. पॅसिव्ह म्हणजे कर्मणी, हे समीकरण एकदा पाठ झालेला विद्यार्थी या ठिकाणी दोन्ही भाषांत चुकतो, किंवा ‘त्याच्याकडून आंबा खाल्ला गेला’ असे मराठी लिहू लागतो. वर्तमानपत्री गद्यातील ‘कडून’ आणि ‘गेला’ यांची गर्दी पुष्कळशी येथून झालेली आहे. व्हॉइस हा कर्त्याच्या भूमिकेचा प्रश्न आहे, प्रयोग हा क्रियापदाच्या सोयरिकीचा. आणि भावे प्रयोगाला तर इंग्रजीत जोडीदारच नाही.

अलंकारांत घोटाळा याच्या उलट दिशेचा आहे. तेथे संस्कृताची संज्ञासंपत्ती इंग्रजीहून मोठी असल्यामुळे एका इंग्रजी शब्दासमोर कोणती संस्कृत संज्ञा उभी करावी हाच प्रश्न. मेटाफर म्हणजे रूपक, असे सर्रास सांगितले जाते. पण मुखावर चंद्राचा आरोप केला, दोन्ही शब्द उच्चारले, तर रूपक. मुखाचे नावही न घेता नुसता चंद्र उगवला म्हटले तर संस्कृत आलंकारिक त्याला अतिशयोक्तीत घालतात. इंग्रजी मेटाफर या दोहोंना पोटात घेते. त्यातून रूपक म्हणजे नाटक हाही अर्थ ‘दशरूपका’ने रूढ केलेला, आणि रूपककथा म्हटली की ॲलेगरी. एवढे ओझे वाहणारा शब्द समीक्षेत काटेकोर राहील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. याउलट ड्रमॅटिक आयरनीसाठी नाट्योपरोध, नाट्यव्यंग असे शब्द घडविले जातात, आणि पताकास्थान हा शब्द मात्र अडगळीत राहतो. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात सीतेचा विरह तेवढा असह्य असे राम म्हणतो, आणि त्याच क्षणी प्रतिहारी आत येऊन कोणी आल्याची वर्दी देते. वर्दी हेराची असते; प्रेक्षकाच्या कानी विरहच दाराशी आल्याचे पडते. या स्थळाला पताकास्थान म्हणावे की गण्ड म्हणावे यावर शास्त्रकारांचे एकमत नाही, आणि ईडिपसच्या शापवाणीतील विशाल उपरोध या संज्ञेत मावणारही नाही. पण एका वाक्यात दोन अर्थांची गाठ पडण्याच्या जागेला तिने जे नाव दिले आहे ते इंग्रजीलाही देता आलेले नाही.

राहिला कॅथार्सिस. बुचरच्या इंग्रजी भाषांतरात तो पर्गेशन झाला. त्याआधी 1857 मध्ये याकोब बर्नाइसने वैद्यकीय अर्थाचा आग्रह धरला होता. दुसऱ्या पक्षाने धार्मिक शुद्धीचा अर्थ मांडला. पुढे काहींनी बुद्धीच्या स्वच्छतेचा मांडला. इंग्रजीत यांपैकी कोणताही शब्द निवडला की उरलेले पक्ष बाहेर पडतात. मराठीने ‘विरेचन’ घेतले, आणि हा शब्द रेचकाची आठवण करून देतो म्हणून सुशिक्षितांनी नाके मुरडली. आयुर्वेदाचा अर्थ जाणणाऱ्याला ती मुरडावीशी वाटली नसती. पंचकर्मांतील विरेचन ही शोधनक्रिया आहे, म्हणजे बाहेर घालविणे आणि शुद्ध करणे या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात एकत्र नांदतात. शिवाय ते एकाएकी करावयाचे नसते. आधी स्नेहन आणि स्वेदन यांनी शरीर मऊ करावे लागते, दोष सुटे होऊन कोठ्यात यावे लागतात. नाटकाच्या पहिल्या दोन-तीन अंकांत प्रेक्षकाचे काय होते याचे याहून नेमके वर्णन पाश्चात्त्य टीकाकारांतही सहजी सापडणार नाही. ग्रीक वैद्यकातून घेतलेला शब्द भारतीय वैद्यकातील शब्दाने अनुवादिला गेला आणि त्याने मूळ वादातील दोन पक्षांना एका घरात आणले, हे भाषांतराचे भाग्य क्वचित लाभते. त्याचा उपयोग करून घेणारे विवेचन अद्याप लिहावयाचे राहिले आहे.

यशवंतपुरातील त्या वर्गात मराठी मुलगा वहीत ट्रॅजेडीसमोर शोकान्तिका लिहितो आणि शेजारची कानडी मुलगी रुद्रनाटक लिहिते. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावयाची असल्यामुळे शिक्षकाच्या नजरेस हे दोन शब्द पडत नाहीत. ती दोघे मधल्या सुट्टीत एकमेकांच्या वह्या उघडून पाहतील तर ॲरिस्टॉटलची व्याख्या त्यांना दोन वह्यांत मिळून पुरी लिहिलेली दिसेल.